भायखळा येतोय!

मुंबईतली एखादी वस्ती 'वर येतेय' हे आधी कळतं ते चहावरून. कटिंगच्या टपरीशेजारी अडीचशे रुपयांची कॉफी येऊन बसते, आणि दोन्ही दुकानं चालतात, कारण दोघांची गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मग भिंतींची पाळी येते. ज्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' अशी सूचना असायची, तिथे कुणीतरी दोन मजली मांजर रंगवून जातं. लोक करायचं ते करतातच, फक्त आता आधी फोटो काढतात. शेवटची खूण सगळ्यात पक्की. रविवारी सकाळी सातला टोप्या घातलेली, पाठीवर सॅक लावलेली वीस-पंचवीस माणसं एका पडक्या इमारतीकडे माना वर करून बघत असतात आणि त्या इमारतीत राहणारा माणूस गॅलरीत दात घासत त्यांच्याकडे बघत असतो. आपल्यासमोर काहीतरी दुर्मीळ आहे, अशी दोन्ही बाजूंची खात्री असते.

भायखळ्यात हल्ली या सगळ्या खुणा एकदम दिसू लागल्यात. म्हणजे भायखळा येतोय. घरं विकणारे तसं सांगतात, आणि ज्यांना वरळी परवडत नाही पण तसं तोंडाने म्हणवत नाही, ते 'आम्हाला मुद्दामच भायखळा हवाय' असं सांगतात.

आमच्या पिढीच्या मराठी माणसाचा भायखळा आटोपशीर होता. राणीची बाग, भाजी मंडई आणि दगडी चाळ. पहिलीत शाळेची सहल जायची, दुसरीत आई जायची, आणि तिसरीची बातमी वडील पेपरात वाचायचे आणि आम्ही जवळ आलो की पान उलटायचे. याच्यापलीकडे त्या गावाला काही अंग असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. गाडी भायखळ्याला थांबायची, काही लोक उतरायचे, आणि आपण बसायला जागा झाली का ते बघायचो.

माझ्या भाच्याला मात्र तिथे घर घ्यायचंय. भाचा आणि सूनबाई दोघं सॉफ्टवेअरमधले. कंपनीने त्यांना काही वर्षं बर्लिनला ठेवलं होतं, तिथे ते नॉयकोल्न नावाच्या भागात राहायचे.

"मामा, खाली तुर्की बेकरी, वर सीरियन फॅमिली, समोर व्हिएतनामी. काय मजा होती! आता मुंबईत राहायचं तर असंच मल्टिकल्चरल काहीतरी हवं."

"मग आमच्या डोंबिवलीत या की," माझी बायको म्हणाली. "वर तमिळ आहेत, खाली कच्छी, समोर आगरी. आणि बेकरी मल्याळी माणसाची आहे."

"मामी, तसं नाही."

कसं नाही, ते त्याला सांगता येईना. पण आम्हाला समजलं. शेजारी रोज सकाळी पाण्याच्या पंपावरून भांडतो तेव्हा त्याला संस्कृती म्हणत नाहीत. संस्कृती व्हायला शेजारी थोडा लांब असावा लागतो.

तर आम्ही भायखळ्याला गेलो. एजंट हसतमुख होता आणि सारखं 'साऊथ मुंबई' म्हणत होता. टॉवरच्या विक्री-कार्यालयात वातानुकूलन इतकं कडक होतं, की राणीच्या बागेतल्या पेंग्विनांनाही शाल मागावीशी वाटली असती. टेबलावर जाडजूड माहितीपुस्तिका. तिच्यात सिनेगॉगचा फोटो, चर्चचा फोटो, मशिदीच्या मिनाराचा फोटो, खडा पारशीचा फोटो, आणि या सगळ्यांच्या मधोमध योगासन करणारी एक बाई. बाई कुठल्या धर्माची ते कळत नव्हतं, पण तिचा गुडघा दुखत नव्हता हे नक्की.

मग सँपल फ्लॅट. सँपल फ्लॅटमध्ये पलंग साडेपाच फुटी असतो, खोल्यांना दारं नसतात आणि घरात एकही पिशवी नसते. त्यामुळे तो मोठा दिसतो. एजंटने आम्हाला खिडकीपाशी नेलं.

"हे बघा सर, इकडे हार्बर. जहाजं दिसतात. आणि त्या बाजूच्या फ्लॅटमधून रेसकोर्स."

"आणि हे मधलं?" मी विचारलं. खाली कौलं, पत्रे, निळ्या ताडपत्र्या, टाक्या, मिनार, क्रूस, कळस, वाळत घातलेले कपडे असं बरंच काही पसरलं होतं.

"ते जाईल सर. चार-पाच वर्षांत."

भाच्याने पुस्तिका उघडून सिनेगॉगचा फोटो पुन्हा बघितला. जे बघायला तो आला होता, ते सगळं त्या 'मधल्या'त होतं.

सूनबाईंनी बायकी शहाणपणाने पुढचा प्रश्न विचारला. "शेजार कसा आहे?"

एजंटचा आवाज खाली आला. "एकदम डिसेंट क्राऊड, मॅडम. सगळे लाइकमाइंडेड. मेजॉरिटी व्हेजिटेरियन. तशी कुणाला बंदी नाही, पण कमिटी बघून घेते."

भाचा बोंबलाशिवाय जेवत नाही. त्याने सूनबाईंकडे बघितलं. सूनबाईंनी जहाजांकडे बघितलं.

"आणि रोजचं येणं-जाणं?"

"खालचे आठ मजले पार्किंगचे. लिफ्ट थेट गाडीपर्यंत. तुम्हाला रस्त्यावर पाय ठेवायची गरजच नाही."

असा सगळा बेत होता. बहुसांस्कृतिक वस्तीत राहायचं, पण तिच्यात पाय ठेवायचा नाही. बर्लिनचा वर सीरियन, खाली तुर्की हा हिशेब इथे असा बसवला होता: वर आपलेच, खाली आपल्याच गाड्या, आणि त्याच्याही खाली संस्कृती.

आता, हा भायखळा पहिल्यांदाच 'येतोय' असं भाच्याला वाटत होतं. त्यात त्याचा दोष नाही. दर दोन पिढ्यांनी कुणालातरी तसं वाटतं. हा भाग दोनशे वर्षं येतोच आहे. एकोणिसाव्या शतकात कोटाच्या आत गुदमरलेले साहेब मोकळ्या हवेसाठी इकडे सरकले. बागा, बंगले झाले. १८३३ साली भायखळा क्लब निघाला, घोड्यांच्या शर्यती लागल्या. महालक्ष्मीचं रेसकोर्स नंतरचं. तोवर लोकांचे पैसे भायखळ्यातच बुडायचे. क्लब गेला, साहेब गेले, पण 'भायखळा सूफले' नावाचा एक गोड पदार्थ जुन्या अँग्लो-इंडियन पाककृतींत शिल्लक आहे. साम्राज्य टिकवणं पुडिंग टिकवण्यापेक्षा अवघड असावं.

मग बगदादहून आलेले डेव्हिड ससून इथे प्रशस्त बंगला बांधून राहिले आणि १८६०च्या दशकात त्यांनी मागेन डेव्हिड सिनेगॉग उभं केलं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच बाजूने. १८६२ साली राणीची बाग सुरू झाली. १८७२ साली शेजारचं संग्रहालय उघडलं. त्यासाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडलं. सरकारी फाईल इतकी रेंगाळली, की तोवर संग्रहालयालाच शंभर वर्षं होऊन गेली.

एवढं सगळं झाल्यावर भायखळा 'आला' असं वाटलं असणार. तेवढ्यात गिरण्या आल्या. धूर आला, भोंगे आले. साहेब आणि शेटजी मलबार हिलकडे निघाले आणि त्यांच्या जागी कोकणातून, घाटावरून माणसं आली. उत्तरेतले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले. १८९६ साली प्लेग आला. मूळच्या ओडेसाच्या वाल्डेमार हाफकिन नावाच्या ज्यू शास्त्रज्ञाने इथल्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी आपणहून तयार झाले होते म्हणतात. तुरुंगात 'आपणहून' म्हणजे किती आपणहून, हा वेगळा विषय. पण एका ज्यू माणसाची लस हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती कैद्यांच्या दंडात गेली आणि सगळ्यांचेच दंड सारखे सुजले असणार. मल्टिकल्चरल याला म्हणावं.

पुढे १९८२चा गिरणी संप झाला आणि भोंगे एकेक करून बंद पडले. जिथे चिमण्या होत्या तिथे टॉवर आले. २०१९ साली मोनोरेल सात रस्त्यापर्यंत पोचली. तिच्यात बसायला जागा मिळायची, त्यामुळे ती मुंबईची आहे असं कुणाला खरंच वाटेना. २०२२ साली भायखळा स्टेशनच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. तेव्हा लाखो लोकांनी पहिल्यांदा मान वर करून स्टेशनकडे बघितलं आणि त्यांची आठ-बाराची गेली.

भाच्याचं मन बसेना, म्हणून सूनबाईंनी एक हेरिटेज वॉक ठरवला. आम्हीही गेलो. वॉकमध्ये काही नमुने ठरलेले असतात. एक गृहस्थ गाइडला सारखे दुरुस्त करतात. एक बाई प्रत्येक दाराला 'सो क्यूट' म्हणतात, मग ते दार स्मशानाचं का असेना. एक तरुण कॅमेऱ्याची नळी लांब करून रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढतो आणि म्हातारे मोबाइलवर त्याचा. आणि एक आमच्यासारखे असतात, ते फक्त बसायला कट्टा कुठे आहे ते बघतात.

गाइड म्हणजे आर्किटेक्चर शिकलेली एक हुशार मुलगी होती. तिने आधी खडा पारशी दाखवला. उंच लोखंडी खांबावर करसेटजी माणकजी शेठ उभे आहेत, पायथ्याशी जलपऱ्या. मुलगा माणकजी करसेटजी न्यायाधीश. त्यांनी १८६३ साली मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली आणि वडिलांचा हा पुतळाही उभा केला. पूर्वी इथे मोकळी हवा होती. आता दोन्ही बाजूंनी उड्डाणपूल गेलेत आणि शेठजी बेचक्यात सापडलेत. खडा पारशी बघायचा तर आपणही खडं राहायला हवं, आणि तिथे उभं राहायला जागाच नाही. आम्ही पन्नाशी-साठीतले लोक बेस्टची बस चुकवत त्यांना नमस्कार करून पळालो. शेठ मात्र जागचे हलले नाहीत. मुंबईत जागा मिळाल्यावर कोण हलतो?

मग मागेन डेव्हिड. आवारातच ससून घराण्याने सुरू केलेली ज्यूंची शाळा आणि तिच्यात शिकणारी बहुसंख्य मुलं मुसलमान. वॉकमधल्या मंडळींना हे कळल्यावर त्यांचे डोळे पाणावले. कॅमेरेवाला तरुण गेटपाशी उभ्या एका मुलाला म्हणाला, "बेटा, इथे उभा राहा, मागे सिनेगॉग येऊ दे." मुलाने शांतपणे विचारलं, "अंकल, तुमचं ॲडमिशनचं काम आहे का? ऑफिस तिकडे आहे." त्याच्या दृष्टीने ती शाळा होती. सलोख्याचं प्रतीक वगैरे त्याला गणिताच्या तासाला उपयोगाचं नव्हतं.

पण खरी गंमत पुढे झाली. दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना 'खरे ज्यू' बघायचे होते. आग्रीपाड्याच्या बाजूला एक वयस्कर बाई भाजी घेऊन चालल्या होत्या. गाइडने त्यांना ओळखलं, हाक मारली. नऊवारी नव्हती, पण बोलणं अस्सल जुन्या कुलाबा जिल्ह्याकडचं. बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठीच. गृहस्थ थोडे निराश झाले, तरी विचारपूस सुरू केली.

"आमचं मूळ अलिबागकडचं," गृहस्थ म्हणाले.

"आमचंही," बाई म्हणाल्या. "आमचे लोक नवगावला उतरले."

"कधी?"

"दोन हजार वर्षं झाली म्हणतात. तुमचे कधी आले?"

गृहस्थांनी त्यानंतर गाइडला एकदाही दुरुस्त केलं नाही.

नंतर माझगावकडे वळलो. चिनी खलाशांनी १९१९ साली सुरू केलेलं देऊळ एका साध्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे, उदबत्त्यांचा वास जिन्यापर्यंत येतो. मातारपाखाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची लाकडी जिन्यांची घरं आहेत. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा इथलेच. तिथल्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना 'सो क्यूट' बाईंनी इंग्रजीत विचारलं, "इथे राहून कसं वाटतं?" आजोबा मराठीत म्हणाले, "पाणी येत नाय." या वाडीच्या वरच, भंडारवाड्याच्या टेकडीवर, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय आहे आणि त्याच्या डोक्यावर काका बाप्टिस्टांच्याच नावाची बाग.

वॉकचा शेवट अर्थातच खाण्याने झाला. क्लेअर रोडला, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब मार्गावर, १९०८ सालची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी आहे. तिथे केक घेतले. नंतर नागपाड्याला 'सर्वी'मध्ये शीग कबाब. आमच्यातल्या शाकाहाऱ्यांनी कबाबाचे फोटो काढले आणि मांसाहाऱ्यांनी कबाबाला फोटोपुरतं जिवंत राहू दिलं नाही. सर्वांनी मिळून ठरवलं, की हीच खरी मुंबई. मग सगळ्यांनी आपापल्या घरी जायला गाड्या बोलावल्या.

आम्ही मात्र गेलो नाही, कारण घोडपदेवला माझा ऑफिसातला जुना मित्र राहतो. तीन पिढ्या चाळीत काढलेला माणूस. वडील गिरणीत साचेवाले. त्याला भाच्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, की काका, तुम्ही किती नशीबवान, इथे इतक्या संस्कृती एकत्र नांदतात!

"नांदतात कसल्या," मित्र म्हणाला. "नांदायला लग्न झालंय का आमचं? ॲडजस्टमेंट आहे."

आणि त्याने ॲडजस्टमेंट समजावून दिली. लालबागच्या राजाची मिरवणूक इथून जाते तेव्हा भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रातले बंब भोंगे वाजवून सलामी देतात. ईदे-मिलादचा मोठा जुलूस निघतो तोही भायखळ्यातूनच, लव्ह लेनच्या खिलाफत हाऊसपासून. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईदे-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. एवढी माणसं एका रस्त्यावर मावणार कशी? मुसलमान मंडळींनी जुलूस एक दिवस पुढे नेला. २०२४ सालीही जुलूस पुढे नेला.

"किती उदात्त!" सूनबाई म्हणाल्या.

"उदात्त आहेच. पण पुढचं ऐका. २०२३ला जुलूस २९ला गेला म्हणून सरकारने २९ची सुट्टी दिली. २८ला गुरुवार, २९ला शुक्रवार, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. पाच दिवस सलग. आमच्या चाळीत एकानेही त्या निर्णयाविरुद्ध ब्र काढला नाही. अलिबागची एस्टी मिळेना."

मित्राचं म्हणणं असं, की एकोपा भाषणात असतो, वस्तीत वेळापत्रक असतं. कुणाचा लाउडस्पीकर किती वाजता, कुणाची गाडी कुठे, नळाला पाणी असताना कुणी गच्चीवर गालिचे धुवायचे नाहीत, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते दर वर्षी पुन्हा भांडून ठरवावं लागतं. भांडण बंद झालं की समजावं, एक बाजू निघून गेली. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलीत या भागाने जे पाहिलं त्याबद्दल मित्र फारसं बोलत नाही. एवढंच म्हणाला, की त्यानंतर लोकांना वेळापत्रकाची किंमत जास्त कळली.

मग तो आम्हाला मुस्तफा बाजाराच्या लाकूडवखारीत घेऊन गेला. एक कारागीर शवपेटीला रंधा मारत होता, शेजारी एक देव्हारा तयार होऊन वाळत होता आणि मालक फोनवर कुणालातरी मदरशाच्या बाकांचं कोटेशन देत होता. भाच्याने विचारलं, "तुमच्याकडे सगळ्या धर्माचे लोक येतात?" मालक म्हणाला, "प्लायवूड घ्यायला कोणता धर्म लागतो? ॲडव्हान्स लागतो." नागपाड्यात बास्केटबॉलचं मैदान दाखवलं. गल्ली क्रिकेटच्या या शहरात हा एक कोपरा पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळतो आणि राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू देतो. तिथली उंच पोरं बघून सूनबाई म्हणाल्या, "सँपल फ्लॅटमधल्या पलंगावर यांचं कसं व्हायचं?" मला सुनेचं कौतुक वाटलं. तिला आता भायखळा समजू लागला होता.

शेवटी आम्ही राणीच्या बागेत शिरलो. रविवार दुपार होती. तिकीट माणशी ५० रुपये, नवरा-बायको आणि दोन मुलांना मिळून १००, त्यामुळे रांगेत प्रत्येकजण आपलं कुटुंब चौकोनी आहे असं सिद्ध करायच्या खटपटीत होता. बुरख्यातली आई, टिकलीवाली आजी, क्रूस घातलेला बाप, निळा झेंडा टॅटू केलेला तरुण, सगळे एकाच काचेला नाक लावून उभे होते. काचेपलीकडे पेंग्विन. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आलेले. दक्षिण मुंबईत आल्या आल्या चोवीस तास वातानुकूलित जागा, रोज ताजी मासळी आणि कमिटीची हरकत नाही. इथे येऊन इतकं नशीब काढलेलं दुसरं कुटुंब नसेल. २०२५ साली तर त्यांच्या पिल्लांना मराठी नावं द्या म्हणून आंदोलन झालं. भायखळ्याला आलेल्याला आपलंसं करण्याची ही पद्धत आहे: आधी गर्दी करून बघायचं, मग भांडायचं, आणि शेवटी बारसं करायचं.

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो कोसळला, त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे भायखळ्याला आले. पुढे जोडून उभा केला. परदेशाचा बेत फिसकटला की माणूस भायखळ्यात घर करतो, हे भाच्याने प्रथम केलेलं नाही. मी त्याला तसं म्हटलं तर तो हसला, पण थोडंच.

बाकावर बसून हिशेब सुरू झाला. भाच्याला वस्ती आवडली होती, टॉवर आवडला नव्हता. सूनबाईंना टॉवर पटला होता, कमिटी पटली नव्हती. बायको म्हणाली, मंडई जवळ आहे, मेथी ताजी मिळेल, घेऊन टाका. माझं मत कुणी विचारलं नाही, पण मी दिलं. म्हटलं, घ्यायचं तर घे, मात्र गाडी घेऊ नकोस. आठ मजल्यांच्या पार्किंगमध्ये तुझी जागा रिकामी राहू दे. रोज रस्त्यावरून चाल, कुणाच्या तरी हातगाडीला धडक, पाण्यावरून एकाशी तरी भांड. त्याशिवाय तू इथला होणार नाहीस, वरून बघणारा राहशील. आणि पहिल्या रविवारी बोंबील तळ. कमिटी वर येईल. तेवढ्या निमित्ताने ओळखी होतील.

भाचा अजून घुटमळत होता. त्याने मित्राला विचारलं, "काका, पण खरं सांगा, हे टॉवर झाल्यावर भायखळा बिघडणार नाही ना? म्हणजे, आमच्यासारख्यांमुळे?"

मित्राने चणे संपवले, पुडीची घडी केली.

"घे रे बिनधास्त," तो म्हणाला. "डेव्हिड ससूनही असाच हौसेने आला होता. एवढा मोठा बंगला बांधला. आज तिथे मसिना हॉस्पिटल आहे, माझ्या दोन्ही पोरी तिथेच झाल्या. तुमच्या टॉवरचंही पुढेमागे काहीतरी चांगलंच होईल."